मारधाडीचा पिक्चर सुटल्यावर

पुण्यात आमचा एक लहानसा चित्रपट-गट आहे. एका शाळेचं सभागृह, भाड्याचा प्रोजेक्टर, मध्यंतराला चहा आणि नंतर तासभर चर्चा. चर्चा चालवण्याचं काम माझ्याकडे आहे, म्हणजे खरं तर तीन माणसांना एकदम बोलू न देण्याचं. इराणी किंवा जपानी चित्रपट लावला की लोक जपून बोलतात. आपल्याला काहीतरी कळलं नसेल अशी धास्ती असते. हॉलिवूडचा मारधाडीचा पिक्चर लावला की ती धास्ती उरत नाही. चपला घालता घालता सुरू झालेला वाद पार्किंगपर्यंत जातो.

सगळ्यात जास्त वाद 'ड्राइव्ह'वर झाले, म्हणून तो वेगवेगळ्या मंडळींना आम्ही पुन्हा पुन्हा दाखवला. २०११ चा चित्रपट, दिग्दर्शक डेन्मार्कचा निकोलस वाइंडिंग रेफ्न. रायन गॉसलिंगच्या पात्राला नावच नाही. दिवसा तो लॉस एंजेलिसच्या एका गॅरेजात काम करतो, सिनेमावाल्यांसाठी गाड्यांचे स्टंट करतो आणि रात्री दरोडेखोरांना गाडीतून पळवून नेतो. शेजारच्या आयरीनवर त्याचा जीव जडतो. तिचा नवरा तुरुंगातून सुटून येतो, जुन्या देण्यात अडकतो, आणि त्याला सोडवायला म्हणून हा एका दरोड्यात गाडी चालवायला तयार होतो. तिथून पुढे रक्त थांबत नाही. या चित्रपटाबद्दल, आणि त्यानिमित्ताने तशाच इतरांबद्दल, लोकांचं ऐकताना आणि थोडंफार वाचताना जे हाती लागलं ते लिहितो. क्रमांक सोयीसाठी आहेत, थोरल्या-धाकट्याचा हिशेब नाही.

१. प्रेक्षक आधी जाहिरातीशी भांडतो, चित्रपटाशी नंतर.

अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची संस्था आहे. पहिल्या रात्री थिएटरबाहेर पडणाऱ्या लोकांच्या हातात कार्ड देऊन ती त्यांच्याकडून चित्रपटाला श्रेणी घेते, ए प्लसपासून थेट एफपर्यंत. ती काढणारे एड मिंट्झ हे नाटककार नील सायमनचे चाहते. सायमननेच लिहिलेला १९७८ चा 'द चीप डिटेक्टिव्ह' बघून ते वैतागले आणि त्यांना वाटलं, समीक्षक काय म्हणतात ते पुरे झालं, साध्या माणसाला काय वाटलं ते कुणीतरी विचारायला हवं. आता, पहिल्या रात्री पदरचे पैसे घालून येणारा माणूस आधीच उत्सुक असतो, म्हणून या श्रेण्या साधारण चढ्याच असतात. 'ड्राइव्ह'ला मिळाली सी मायनस. म्हणजे जवळजवळ नापास. त्याच वर्षी, त्याच चित्रपटासाठी, कान महोत्सवात रेफ्नला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला होता.

यावरून अमेरिकन प्रेक्षक अडाणी असं म्हणायची आपल्याकडे फॅशन आहे. मला ते पटत नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये गाड्या पळवणारा 'फास्ट फाइव्ह' येऊन गेला होता. सप्टेंबरमध्ये पोस्टरवर स्टीअरिंगमागे गॉसलिंग आणि वर नाव 'ड्राइव्ह'. माणूस गाड्यांच्या शर्यती बघायलाच जाणार. मिशिगन राज्यातल्या एका बाईंनी तर ट्रेलरने फसवलं म्हणून वितरकांवर दावाच लावला. चित्रपटात गाड्या चालवणं फारच थोडं आहे, ही त्यातली एक तक्रार. दावा फेटाळला गेला, पण तक्रार वस्तुस्थितीला धरून होती. शंभर मिनिटांच्या चित्रपटात मनसोक्त पाठलाग म्हणावा असे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच.

आमच्याकडे पहिल्या खेपेला व्हॉट्सॲपवर नुसतं नाव टाकलं होतं. तरुण मुलं आली, अर्ध्या वाटेत मोबाइल बघायला लागली. पुढच्या खेपेला लिहिलं, 'अबोल माणसाची प्रेमकथा. उत्तरार्धात भयंकर रक्तपात'. तीच वयं, तोच पडदा, आणि संथपणाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

२. चहाच्या रांगेतलं मत वेगळं लिहून ठेवावं.

मध्यंतर ही आपली खासियत. हॉलिवूडच्या दिग्दर्शकाने चित्रपट सलग बघायला केलेला असतो. आपण तो आपल्या हाताने दोन तुकड्यांत तोडतो आणि सामोसा खातो. 'ड्राइव्ह'च्या बाबतीत हा तुकडा विलक्षण जागी पडतो. पहिल्या अर्ध्यात आयरीन, तिचा मुलगा, कालव्याच्या कोरड्या पात्रातून केलेली गाडीची सफर, एकमेकांकडे नुसतं बघणं. चहाच्या रांगेत बायका म्हणतात, "किती हळुवार आहे हो." एक काका म्हणाले होते, "यात मारामारी आहे म्हणालात, कुठाय?" दुसऱ्या अर्ध्याला पाच-दहा मिनिटं होतात न होतात तोच मोटेलमध्ये बंदुकीची गोळी डोकं फोडून जाते.

शेवटी ज्यांना चित्रपट आवडला नाही, त्यांतल्या बऱ्याच जणांचा राग रक्तावर नव्हता. पूर्वार्धातल्या त्या सभ्य माणसावर आपण विश्वास टाकला, यावर होता. चहाच्या वेळचं त्यांचं मत माझ्या वहीत नसतं तर हे मला कळलंच नसतं.

३. "हिंसा फार आहे" असं कुणी म्हटलं की "कुठली?" असं विचारावं.

हा प्रश्न विचारायला लागल्यापासून चर्चेचा रंगच बदलला. कारण उत्तरं अंदाजाबाहेरची येतात.

लिफ्टचा प्रसंग घ्या. लिफ्टमध्ये तिघं: 'ड्राइव्ह'चा नायक, आयरीन आणि याला मारायला आलेला माणूस. कोटाच्या आत पिस्तूल आहे हे याला दिसतं. हाताने तो आयरीनला अलगद मागे सारतो, दिवे मंद होतात, काळ थबकतो आणि तो तिचं चुंबन घेतो. पहिलं आणि शेवटचं. मग वळून त्या माणसाला खाली पाडतो आणि बुटाच्या टाचेने त्याचं डोकं चिरडतो, मेल्यावरही थांबत नाही. आयरीन मागे मागे सरकत बाहेर पार्किंगमध्ये जाते, दोघं एकमेकांकडे बघतात, दार बंद होतं.

आमच्या गटात एक निवृत्त परिचारिका येतात. आयुष्य ऑपरेशन थिएटरमध्ये गेलेलं, रक्ताचं त्यांना काही नाही. त्या म्हणाल्या, "मला दिसलेल्याचं काही वाटलं नाही, तो आवाज नको होता." खरंच, त्या प्रसंगात डोळ्यांपेक्षा कानांना जास्त सहन करावं लागतं. एका कॉलेजातल्या मुलीला वाईट वाटलं ते आयरीनच्या चेहऱ्याचं. मारणं बघून नव्हे, मारणाऱ्याला ओळखून ती मागे सरकली याचं. एका गृहस्थांना लिफ्ट चालली, पण अल्बर्ट ब्रूक्सचा प्रसंग झेपला नाही. ब्रूक्स हे अमेरिकेतले नावाजलेले विनोदी नट. या चित्रपटात ते जुन्या मित्राशी हस्तांदोलन करतात आणि त्याच क्षणी वस्तऱ्याने त्याच्या हाताची शीर कापतात. मग त्याला समजावतात की आता संपलं, दुखणार नाही. रक्त लिफ्टपेक्षा कमी. पण आवाज इतका मायाळू की अंगावर काटा येतो.

आता याच्या शेजारी 'जॉन विक' ठेवा. २०१४ च्या पहिल्या भागात कियानू रीव्हज सत्तरच्या वर माणसं मारतो, आणि आमच्या सभागृहात लोक खुशीत होते. मारण्याचं कारण एक कुत्र्याचं पिल्लू. वारलेल्या बायकोने मरण्याआधी पाठवलेलं. ते मारणाऱ्या पोराबद्दल कुणाला यत्किंचित दया येत नाही. पुढची सगळी प्रेतं त्या एका पिल्लाच्या खात्यावर जमा होतात. शिवाय दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की मुळात स्टंट करणारा, 'मेट्रिक्स'मध्ये रीव्हजचाच डुप्लिकेट. तो कॅमेरा हलवत नाही, दूर ठेवतो, हातपाय पूर्ण दिसू देतो, पिस्तुलातल्या गोळ्या संपतात आणि नवीन भराव्या लागतात हेसुद्धा दाखवतो. प्रेक्षक ते नृत्यासारखं बघतो आणि दाद कसबाला देतो. ही दाद आता ऑस्करपर्यंत पोचली आहे: २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून स्टंट-संयोजनाला स्वतंत्र पुरस्कार मिळणार आहे, आणि त्यासाठी जोर लावणाऱ्यांत स्टाहेल्स्की होताच.

माझं स्वतःचं मत? मला 'जॉन विक' बघायला मजा येते आणि 'ड्राइव्ह'वर माझा जास्त विश्वास आहे. पहिल्यात मेलेला माणूस पडद्यावरून बाहेर जातो. दुसऱ्यात तो लिफ्टमध्येच पडून राहतो. "फार हिंसा" ही तक्रार बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकाराची असते, आकड्याची नसते.

४. प्रमाणपत्र देणारे रक्त मोजतात, मुडदे नाहीत.

अमेरिकेत १९८४ पासून पीजी-१३ हा वर्ग आहे. 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम' आणि 'ग्रेमलिन्स' बघून आईबाप ओरडले म्हणून तो आला. त्या वर्गात शहरंच्या शहरं कोसळतात, माणसं शेकड्याने मरतात, फक्त रक्त उडत नाही. रक्त उडालं की त्याच्या वरचा वर्ग, आर. आरमध्येसुद्धा सतरा वर्षांखालचं पोर आईबापाबरोबर आत जाऊ शकतं. आपल्या ए प्रमाणपत्राला ती पळवाट नाही, अठरा म्हणजे अठरा. त्यामुळे पुण्यातल्या मॉलमध्ये दारावर आधार कार्ड मागितलं म्हणून भांडणारे बाप दिसतात आणि तेच घरी जाऊन मुलाबरोबर तोच चित्रपट टीव्हीवर बघतात. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

५. आठवण आपल्या पदरचं रक्त घालते.

टॅरंटिनोच्या 'रिझर्व्हॉयर डॉग्ज'मध्ये एका पोलिसाचा कान कापतात. हा चित्रपट बघितलेल्या कुणालाही विचारा, कान कापताना बघितला असं तो शपथेवर सांगेल. प्रत्यक्षात नेमक्या त्या क्षणी कॅमेरा बाजूला, भिंतीकडे वळतो. १९९२ मध्ये स्पेनमधल्या सित्जेसच्या महोत्सवात त्या प्रसंगाला उठून जाणाऱ्यांत वेस क्रेव्हन होते. 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' काढणारा माणूस! भयपटाच्या उस्तादाला जे सोसलं नाही ते पडद्यावर नव्हतंच.

रॅम्बोचंही तसंच. उघड्या छातीचा, मशीनगन चालवणारा रॅम्बो सगळ्यांना आठवतो. तो पुढच्या भागांतला. १९८२ च्या 'फर्स्ट ब्लड'मध्ये तो लोकांना जखमी करतो, घाबरवतो, गाव पेटवतो. पण त्याच्या हातून ठळकपणे मरताना दिसतो तो एकच माणूस, हेलिकॉप्टरमधून पडणारा पोलीस, आणि तोही याने भिरकावलेल्या दगडामुळे. हे सांगितल्यावर आमच्या एका सभासदाने पैज लावली, घरी जाऊन चित्रपट बघितला आणि पुढच्या वेळी सगळ्यांना वडापाव दिले.

म्हणून चित्रपटाबद्दल लगेच मत देणाऱ्यापेक्षा "मागे कधीतरी बघितला होता, फार भयंकर होता" असं म्हणणाऱ्याचं मत मी जरा चाळणीतून घेतो.

६. शेवट बदलून मागणारा प्रेक्षक नेहमीच कोता नसतो.

'फर्स्ट ब्लड'चीच गोष्ट. डेव्हिड मॉरेलच्या १९७२ च्या कादंबरीत रॅम्बो मरतो. चित्रपटातही तसा शेवट चित्रित झाला होता. चाचणीच्या खेळाला आलेल्या लोकांना तो मानवला नाही. व्हिएतनामहून आलेल्या सैनिकाचे इतके हाल दाखवून वर त्याला मारायचं? शेवट बदलला, रॅम्बो रडतो आणि जिवंत बाहेर येतो. त्यातून पुढचे भाग निघाले हे अमेरिकेचं दुर्दैव म्हणा हवं तर, पण त्या रात्रीचा प्रेक्षक धंद्याचं बोलत नव्हता, त्याला तो अन्याय वाटला होता.

'ड्राइव्ह'च्या शेवटी पोटात सुरा खुपसलेला नायक गाडीत बराच वेळ पापणी न हलवता बसतो आणि मग गाडी सुरू करून निघून जातो. आमच्याकडे यावर दोन तट पडतात: मेला आणि जगला. माझं निरीक्षण असं की ज्यांना चित्रपट आवडतो ते त्याला मारतात आणि ज्यांना आवडत नाही ते त्याला जगवतात. असं का, ते मला अजून उलगडलेलं नाही.

७. टाळी पडली म्हणजे चित्रपट पोचला असं नाही.

१९७४ मध्ये 'डेथ विश' आला. चार्ल्स ब्रॉन्सन बायकोच्या खुनानंतर न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर रात्री फिरून गुंड मारत सुटतो. तेव्हा शहर गुन्ह्यांनी बेजार होतं आणि थिएटरमध्ये लोक उठून टाळ्या वाजवत. मूळ कादंबरी ब्रायन गारफिल्डची. त्याने ती लिहिली होती असा सूड माणसाला कसा पोखरतो ते सांगायला. चित्रपटाने उलटंच सांगितलं म्हणून तो इतका अस्वस्थ झाला की उत्तरादाखल त्याने 'डेथ सेंटेन्स' ही पुढची कादंबरी लिहिली.

आमच्या सभागृहातली टाळी मी जवळून ऐकली आहे. ती चित्रपटाला कमी आणि त्या आठवड्याच्या पेपरला जास्त असते. एखाद्या शहरात काहीतरी भीषण घडलेलं असतं, आरोपी सुटलेला असतो आणि पडद्यावर कुणीतरी त्याचा चेहरा असलेल्या माणसाला मारतं. अशा संध्याकाळी चर्चा चित्रपटावर आणायचा मी प्रयत्नही करत नाही.

८. एकट्याने बघितलेला आणि चारचौघांत बघितलेला मारधाडपट हे दोन वेगळे चित्रपट धरावेत.

याची सगळ्यात सुंदर साक्ष १९६७ ची आहे. 'बॉनी अँड क्लाइड' आला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सच्या बॉस्ली क्राउदरनी त्यावर आगपाखड केली. न्यूजवीकच्या जो मॉर्गनस्टर्ननीही झोडपून काढलं. मग मॉर्गनस्टर्न तो पुन्हा बघायला गेले, या वेळी भरलेल्या थिएटरमध्ये. लोक हसत होते आणि हसता हसता गप्प होत होते. पुढच्याच आठवड्यात त्यांनी त्याच मासिकात आपलं परीक्षण मागे घेतलं. विनोदातून एकदम रक्तात ढकलणारा चित्रपट होता तो, आणि ते ढकलणं हसणाऱ्यांच्या गर्दीत बसल्याशिवाय जाणवत नाही.

हल्ली आमच्या गटातले काही जण चित्रपट आधीच फोनवर बघून येतात आणि चर्चेपुरते हजर होतात. त्यांची मतं हुशार असतात, पण त्यांना लिफ्टच्या प्रसंगानंतर सभागृहात पसरलेली शांतता माहीत नसते. त्या शांततेत कुणीतरी हसतंच, दर वेळी. घाबरून.

९. कामाचा माणूस वेगळंच बघतो.

एसटीतून निवृत्त झालेले एक चालक आमच्याकडे येत. इंग्रजी बेताचं, पण 'ड्राइव्ह'चा सुरुवातीचा प्रसंग त्यांनी आम्हा सगळ्यांपेक्षा नीट बघितला. दरोडेखोर मागे बसलेले, रेडिओवर बास्केटबॉलचा सामना लागलेला, शेजारी पोलिसांच्या वायरलेसचा आवाज. हा माणूस वेग वाढवतो तो अगदी गरजेपुरता. दिवे बंद करून पुलाखाली थांबतो, ट्रकच्या आडोशाने सरकतो आणि शेवटी सामना सुटायच्या वेळेला स्टेडियमच्या पार्किंगमध्ये गाडी घालून गर्दीत चालता होतो. सामन्याच्या रेडिओचं कारण तेव्हा कळतं. चालककाका म्हणाले, "सर, हा ड्रायव्हर खरा. गाडी पळवणारे लय बघितले, थांबवायची अक्कल असलेला हा पहिलाच."

नंतर मी त्यांना सांगितलं की दिग्दर्शकाकडे गाडी चालवण्याचा परवानासुद्धा नाही, चाचणीत तो अनेकदा नापास झालाय. त्यांनी ते खोटं आहे असं ठरवून टाकलं.

१०. सगळ्यात कमी गुण मिळालेला चित्रपट एकदा तरी लावून बघावा.

सिनेमास्कोरची एफ श्रेणी फार क्वचित दिली जाते, आणि ती ब्रॅड पिटसारखा तारा असलेल्या चित्रपटालाही मिळालेली आहे: २०१२ चा 'किलिंग देम सॉफ्टली', दिग्दर्शक अँड्र्यू डॉमिनिक. गुंडांच्या जुगाराच्या अड्ड्यावर दोन नवखे दरोडा घालतात. अड्डे बंद पडतात, धंदा थंडावतो, आणि धंद्यावरचा विश्वास परत आणायला भाडोत्री मारेकरी बोलावतात. गोष्ट एवढीच. बाकी चित्रपटभर माणसं बसून बोलतात. पाठीमागच्या टीव्हीवर आणि रेडिओवर २००८ ची मंदी, बुडणाऱ्या बँका, बुश आणि ओबामांची भाषणं. मारणं फार थोडं, पण एक खून इतका संथ आणि देखणा दाखवलाय की काचेचा एकेक तुकडा मोजता यावा. अमेरिकन प्रेक्षकाला वाटलं असणार, पिटची मारामारी बघायला आलो आणि अर्थसंकल्पाचं भाषण ऐकून चाललो.

आमच्याकडेही बहुतेकांनी नाक मुरडलं. "बडबड फार," "हिरो कोण तेच कळत नाही," वगैरे. फक्त बँकेच्या वसुली खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ सरसावून बसले होते. त्यांना चित्रपटातला मध्यस्थ सगळ्यात आवडला: गाडीत बसून मारेकऱ्याशी बोलणारा, प्रत्येक खुनाला वरच्यांची मंजुरी लागेल म्हणून सांगणारा, खर्चाची काटकसर करणारा, हताश कारकून. आणि शेवटचा प्रसंग तर त्यांनी आम्हाला दुसऱ्यांदा लावायला लावला. पिट आपले पैसे घ्यायला येतो. ठरले म्हणे माणशी पंधरा हजार डॉलर, हातात पडतात दहाच्या हिशेबाने, कारण मंदीचा भाव.

"या पिक्चरला नापास करणाऱ्यांनी," ते म्हणाले, "आयुष्यात कधी थकबाकी वसूल केलेली नाही."

गणिताच्या एका बाई लगेच म्हणाल्या, "पण काका, माणूस मारला की थकबाकी वसूल होते कशी?"

"मॅडम, वसुलीसाठी नाही मारत. बाकीचे हप्ते वेळेवर यावेत म्हणून मारतात. आम्ही जप्तीची नोटीस पेपरात छापायचो ती कशासाठी?"

यावर बाई चिडल्या, नोटीस आणि खून एका मापाने मोजता का म्हणाल्या, काका म्हणाले मी नाही, तो डॉमिनिक मोजतोय, आणि मग इतका वेळ गप्प बसलेले, चित्रपट आवडला नाही म्हणणारे सगळे एकदम बोलायला लागले.